विझलेल्या सूर्याखाली नव्या कथा : विल्यम होप हॉजसन यांच्या कथाविश्वाचे एक प्रकरण

विस्मृतीत गेलेल्या लेखकाला नव्या कथांतून मानवंदना देण्याची प्रथा गूढ-भयकथांच्या क्षेत्रात जुनी आहे, पण तिचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. संग्रह निघतो, प्रस्तावनेत मूळ लेखकाच्या उपेक्षेबद्दल हळहळ व्यक्त होते, त्याची पात्रे, स्थळे आणि शापित ग्रंथांची नावे उचलून दहाबारा कथा लिहिल्या जातात, आणि थोड्याच काळात हा संग्रहही मूळ लेखकाच्याच वाटेने जातो. अशा प्रयत्नांपैकी बरेचसे का फसतात, हे समजून घ्यायचे तर न फसलेला एखादा प्रयत्न तपशिलाने पाहणे अधिक उपयोगाचे. विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाची १९१२ साली प्रसिद्ध झालेली ‘द नाइट लँड’ ही कादंबरी आणि तिच्याच जगात तब्बल नव्वद वर्षांनी इतरांनी लिहिलेल्या कथा, हे असे एक प्रकरण आहे. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म एवढेच की, या कथांपैकी ज्या टिकल्या त्यांनी हॉजसन यांची भाषा उचलली नाही आणि सजावटही उचलली नाही. त्यांनी त्यांच्या जगाचा एखादा नियम उचलला आणि तो हॉजसन यांनी नेला त्यापेक्षा पुढे नेला.

हॉजसन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७७ रोजी एसेक्समध्ये, एका अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या मोठ्या कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी त्यांनी निवासी शाळेतून पळून समुद्रावर जाण्याचा प्रयत्न केला आणि १८९१ मध्ये ते व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून रुजूही झाले. जहाजावरच्या छळाला तोंड देण्यासाठी त्यांनी शरीर कमावले. १८९८ मध्ये न्यूझीलंडजवळ शार्क असलेल्या पाण्यात पडलेल्या सहकाऱ्याला वाचवल्याबद्दल त्यांना रॉयल ह्युमेन सोसायटीचे पदक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ब्लॅकबर्न येथे व्यायामशाळा काढली. ऑक्टोबर १९०२ मध्ये याच गावी त्यांनी हॅरी हूडिनी यांना भर रंगमंचावर बेड्यांत असे जखडले की, सुटायला त्या जादूगाराला जवळपास दोन तास लागले आणि त्याचे हात सोलवटून निघाले. (कित्येक वर्षे हॉजसन यांचे नाव कादंबऱ्यांपेक्षा हूडिनींच्या चरित्रांतच अधिक सापडत असे, ही नियतीने केलेली थट्टाच म्हणायची.) व्यायामशाळा चालली नाही, तेव्हा ते लेखनाकडे वळले. १९०७ ते १९१२ या काळात चार कादंबऱ्या, मासिकांतून सागरी भयकथा आणि ‘कार्नॅकी’ या भूतशोधकाच्या कथा असे विपुल लेखन त्यांनी केले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. १९१६ मध्ये घोड्यावरून पडून डोक्याला मार बसल्याने त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले, तरी ते पुन्हा भरती झाले आणि एप्रिल १९१८ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर तोफगोळा लागून मारले गेले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते.

या आयुष्याला इतकी जागा देण्याचे कारण आहे. हॉजसन यांना मानवंदना देऊ पाहणाऱ्या लेखकाला हे चरित्रच कथेत घालण्याचा मोह होतो, कारण ते आयतेच कथेसारखे आहे. पण खलाशी-पहिलवान-सैनिक हॉजसन यांना नायक करून लिहिलेली कथा वाचकाला त्यांच्या पुस्तकांपर्यंत नेतेच असे नाही. बहुधा ती चरित्रातच रेंगाळते. ज्या कथांनी वाचकाला पुस्तकापर्यंत नेले त्यांत हॉजसन नावाचा माणूस औषधालाही नाही.

मूळ पुस्तक आणि त्याची अडचण

‘द नाइट लँड’चे जग असे आहे. कोट्यवधी वर्षांनंतर सूर्य विझला आहे. उरलेली मानवजात ‘अखेरची गढी’ म्हणवणाऱ्या, सात मैलांहून उंच अशा धातूच्या पिरॅमिडात राहते. पृथ्वीच्या पोटातून मिळणाऱ्या एका प्रवाहावर ही गढी तग धरून आहे आणि तिच्याभोवती त्याच शक्तीचे संरक्षक वर्तुळ आहे. वर्तुळाबाहेर अंधार आहे, आणि त्या अंधारात डोंगराएवढे ‘टेहळे’ लाखो वर्षे गढीकडे तोंड करून बसले आहेत. ते हलत नाहीत, किंवा इतके हळू सरकतात की त्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवावी लागते. दूर एका उंचवट्यावर ‘निःशब्द घर’ आहे. त्यात दिवे आहेत, पण आवाज नाही. ते काय आहे हे हॉजसन कधीच सांगत नाहीत. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात त्वचेखाली तत्काळ मरण देणारी एक कुपी बसवलेली असते, कारण बाहेर मरणापेक्षा वाईट गोष्टी घडू शकतात आणि आत्मा गमावणे हे शरीर गमावण्यापेक्षा भयंकर आहे. अंधारातून मनोमन ऐकू येणारी हाक माणसाची आहे की माणसाचा आवाज काढणाऱ्या दुष्ट शक्तीची, हे ओळखण्यासाठी एक ‘महाशब्द’ आहे. त्या शक्तींना तो उच्चारता येत नाही.

हा शेवटचा नियम पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो पुस्तकात कसा वावरतो हे जवळून पाहू. नायकाला दूरच्या, विस्मृत अशा ‘धाकट्या गढी’तून नानी नावाच्या मुलीची हाक ऐकू येते आणि महाशब्दाने ती खरी ठरते. पुढे तिथली शक्ती क्षीण होते. मग त्याच दिशेने आलेल्या हाकेला भुलून पाचशे तरुण कोणतीही सिद्धता न करता, परवानगीविना बाहेर पडतात, आणि गढीतील लाखो लोक खिडक्यांतून त्यांचा विनाश पाहत राहतात. नायक मात्र रीतसर सिद्धता करून निघतो. तो निघतो तेव्हा बाहेर उजेड पडून कुणाचे लक्ष जाऊ नये म्हणून महाद्वारापाशीचे दिवे मंद केले जातात. पण त्याच्या सन्मानार्थ लहान दार न उघडता मोठे दारच उघडले जाते. सावधगिरी आणि सन्मान एकाच कृतीत आणणाऱ्या अशा प्रसंगांमुळे हे जग खरे वाटते.

आता अडचण. हे सारे हॉजसन यांनी एका बनावट प्राचीन इंग्रजीत लिहिले. निवेदक सतराव्या शतकातला माणूस आहे आणि त्याला हे भविष्य स्वप्नासारखे दिसते, अशी चौकट घेतल्यामुळे वाक्ये ‘आणि’ने सुरू होतात, क्रियापदे मुद्दाम वाकवलेली असतात, संवाद जवळपास नाहीत, आणि हा प्रकार सुमारे दोन लाख शब्द चालतो. परतीच्या प्रवासात नायक-नायिकेचे लाडिक रुसवे-फुगवे इतके लांबतात की कट्टर चाहतेही पाने उलटतात. अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी या कादंबरीच्या कल्पनाशक्तीला अत्यंत वरचे स्थान दिले आणि त्याच दमात तिच्या पाल्हाळावर, चिकट भावुकतेवर आणि खोट्या जुन्या भाषेवर टीकाही केली. ‘नार्निया’कार सी. एस. लुइस यांचे मतही थोडेफार असेच होते. म्हणजे दोष शोधून काढावा लागत नाही. तो पहिल्या पानावरच भेटतो.

दोन गोष्टी येथे नोंदवायला हव्यात. पहिली, हॉजसन यांनी स्वतःच ही कादंबरी सुमारे एक दशांशावर आणून ‘द ड्रीम ऑफ एक्स’ या नावाने १९१२ मध्ये अमेरिकेत छापली. हेतू वाङ्मयीन नव्हता, तिथले हक्क सुरक्षित करणे एवढाच होता. तरीही या पुस्तकाला कात्री लावणारा पहिला माणूस खुद्द लेखक होता. दुसरी, चारही कादंबऱ्या ज्या क्रमाने छापल्या गेल्या त्याच्या उलट क्रमाने लिहिल्या गेल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांनी हॉजसन यांच्या पत्रांच्या आधारे मांडले आहे. ते खरे धरले, तर १९०९ साली छापलेल्या ‘द घोस्ट पायरेट्स’ची साधी, खलाशाच्या तोंडची भाषा ही त्यांची पुढची पायरी ठरते आणि ‘द नाइट लँड’ची भाषा त्यांनी मागे टाकलेली ठरते. तेव्हा आदर म्हणून कोणी ही भाषा गिरवत असेल, तर लेखकाने स्वतः उतरवून ठेवलेला अंगरखा तो घालतो आहे.

पुस्तके आधी, कथा नंतर

मानवंदनेच्या कथा लेखकाला विस्मृतीतून बाहेर काढतात असे सर्रास म्हटले जाते. या प्रकरणात क्रम उलटा दिसतो. हॉजसन यांच्या पत्नीने १९२० आणि १९२१ मध्ये त्यांच्या कवितांची दोन पुस्तके काढली. त्यांचा फारसा गाजावाजा झाला नाही. १९३१ मध्ये कॉलिन डी ला मेअर यांनी आपल्या भूतकथांच्या संग्रहात हॉजसन यांची ‘द व्हॉइस इन द नाइट’ ही सागरी भयकथा घेतली. मग एच. सी. कोनिग या अमेरिकी संग्राहकाने आपल्याजवळची हॉजसन यांची पुस्तके टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायला सुरुवात केली. १९३४ मध्ये ती लव्हक्राफ्ट यांच्यापर्यंत पोहोचली, आणि त्यांनी भयसाहित्यावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हॉजसन यांच्यासाठी नवा भाग जोडला. १९४६ मध्ये अर्कम हाउस या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने चारही कादंबऱ्या एका जाडजूड खंडात काढल्या. प्रती सुमारे ३,००० आणि प्रस्तावना कोनिग यांचीच. १९७२ मध्ये संपादक लिन कार्टर यांनी बॅलंटाइन या प्रकाशनाच्या स्वस्त मालिकेत ‘द नाइट लँड’ दोन भागांत आणली, तेव्हा कुठे ती सामान्य वाचकाच्या खिशाला परवडू लागली.

या साऱ्या घटनाक्रमात नवी कथा एकही नाही. आहे तो एका माणसाचा हट्ट, उसनी दिलेली पुस्तके आणि छापखाना. अपवाद म्हणून १९६३ चा ‘मातांगो’ हा जपानी चित्रपट सांगता येईल. त्याचा गाभा ‘द व्हॉइस इन द नाइट’चा आहे. पण तो पाहून किती जण हॉजसन यांच्याकडे वळले असतील याबद्दल मला दाट शंका आहे. रूपांतर मूळ लेखकाचे नाव पुसूनही यशस्वी होऊ शकते. मानवंदनेला ती सोय नसते.

नव्या कथांचे काम या पायाभरणीनंतर सुरू झाले. अँडी रॉबर्टसन या इंग्रज संपादकांनी ‘द नाइट लँड’च्या जगात इतरांनी लिहिलेल्या कथा गोळा केल्या. पहिला संग्रह २००३ मध्ये निघाला, दुसरा २००७ मध्ये. रॉबर्टसन यांची खरी कामगिरी, माझ्या मते, निवडीत आहे: त्यांनी मूळ कादंबरीच्या कथानकाचा पुढचा भाग मागितला नाही, तिचा भूगोल आणि तिचा काळ लेखकांपुढे मोकळा सोडला. अखेरची गढी लाखो वर्षे टिकते, आणि हॉजसन यांनी त्यातला एकच प्रवास सांगितला. उरलेला सगळा काळ रिकामा आहे. विस्मृत लेखकाकडून वारसा म्हणून घ्यायला पात्रांपेक्षा अशी रिकामी जागा कधीही चांगली, कारण तिथे लिहिताना मूळ लेखकाच्या वाक्यावर वाक्य रचावे लागत नाही.

पहिल्या संग्रहात जॉन सी. राइट यांची ‘अवेक इन द नाइट’ ही दीर्घकथा होती, आणि या प्रकरणाचा कस तिच्यावरच लागतो. निवेदकाला अंधारातून आपल्या मित्राची, पेरिथूसची, हाक ऐकू येते. हा मित्र काही वर्षांपूर्वी बाहेर गेला आणि त्याची सारी तुकडी नष्ट झाली. हाक खरी असेल का? मित्र जिवंत असेल का, की त्याचा आवाज घेऊन दुसरेच काही बोलावते आहे? म्हणजे राइट यांनी उचलला तो महाशब्दाचा नियम, किंवा नेमके सांगायचे तर त्या नियमामागची भीती. हॉजसन यांच्या कादंबरीत नायकाची शंका लवकर मिटते आणि उरतो तो प्रवास. राइट यांनी ती शंका मिटू दिली नाही. कथेचा सारा ताण तिच्यावर उभा केला. शिवाय प्रियकर-प्रेयसीच्या जागी दोन मित्र आणले. मूळ पुस्तकाचा सर्वात दुबळा भाग अशा रीतीने बाजूला झाला, पण ‘आपल्या माणसासाठी अंधारात जायचे की नाही’ हा गाभा तसाच राहिला, उलट अधिक उघडा पडला. भाषेत गांभीर्य आहे, थोडा जुनेपणाही आहे, पण ती सरळ चालते आणि वाचक अडखळत नाही. ज्याने हॉजसन यांचे नावही ऐकलेले नाही त्याला ही कथा कळते, आणि ज्याने मूळ वाचले आहे त्याला टेहळे ओळखीचे वाटतात. विस्मृत लेखकासाठी लिहिताना ही दुहेरी कसोटी टळत नाही, कारण जो लेखक सर्वांना पाठ आहे त्याच्याविषयी सूचक लिहिता येते, विस्मृत लेखकाविषयी नाही.

राइट यांनी पुढे याच जगात आणखी कथा लिहिल्या आणि २०१४ मध्ये चार दीर्घकथांचे पुस्तक निघाले. त्यातली शेवटची कथा विश्वाच्या अंतापर्यंत जाते. माझा आक्षेप येथे आहे. हॉजसन यांच्या जगातले भय न सांगितलेल्या गोष्टींवर उभे आहे, आणि एकामागून एक कथा लिहीत गेले की सांगणे अटळ होते. काळाचा शेवट कसा होतो हे दाखवले की निःशब्द घराची खिडकी थोडी का होईना उघडते. पहिल्या कथेत जो संयम आहे तो शेवटच्या कथेत विस्तारासाठी खर्ची पडतो. ती भव्य आहे, पण तिची भीती वाटत नाही.

जेम्स स्टॉडर्ड यांनी २०११ मध्ये अगदी वेगळा मार्ग घेतला: नवी कथा न लिहिता त्यांनी ‘द नाइट लँड’च आजच्या इंग्रजीत नव्याने सांगितली, तिच्यात संवाद घातले, पाल्हाळ कमी केला. शुद्धतावाद्यांना हे अतिक्रमण वाटले तर नवल नाही. मात्र ‘द ड्रीम ऑफ एक्स’ डोळ्यांपुढे ठेवले की या आक्षेपाची धार बोथट होते. खरी उणीव दुसरीच आहे. मूळ भाषा काढून टाकल्यावर कळते की ती बोजड भाषाच अधूनमधून विलक्षण परिणामही साधत होती. अंतराचा, प्रचंड काळाचा जो भास तिच्यातून होतो तो स्वच्छ गद्यात पातळ होतो.

कार्नॅकी : सोपा वारसा

याच लेखकाच्या दुसऱ्या निर्मितीशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कार्नॅकीच्या कथांचा साचा ठरलेला आहे. ४७२, चेनी वॉक या पत्त्यावर तो चार मित्रांना जेवायला बोलावतो, जेवण झाल्यावर पाइप पेटवून नुकत्याच हाताळलेल्या प्रकरणाची हकिकत सांगतो आणि शेवटी त्यांना हसतहसत बाहेर घालवतो. त्याच्याकडे विजेवर चालणारे संरक्षक पंचकोन आहे, सिगसँड नावाचे जुने हस्तलिखित आहे, आणि बोलण्याच्या ओघात तो न सांगितलेल्या प्रकरणांचे उल्लेख टाकतो. अनुकरणाला याहून सोयीचे काय हवे? १९९२ मध्ये ए. एफ. किड आणि रिक केनेट यांनी अशा कथांची पुस्तिका काढली आणि २००२ मध्ये तिचा विस्तारित ग्रंथ आला. त्यांचे काम कसबी आहे, हे मान्य करायला हवे. त्यानंतर मात्र कार्नॅकी जो तो वापरू लागला.

सोय झाली की सजावट वाढते. पंचकोन आले, हस्तलिखित आले, चार मित्र आले, की लेखकाला वाटते मानवंदना झाली. पण हॉजसन यांच्या कार्नॅकी-कथांत खरी गंमत अशी की, एखाद्या प्रकरणात भूत खरे निघते, एखाद्यात कोणीतरी माणूस लबाडी करत असतो, आणि ‘द हॉर्स ऑफ द इन्व्हिजिबल’सारख्या कथेत लबाडी उघडी पडल्यावरही काहीतरी उरते. निकाल काय लागेल याची वाचकाला खात्री नसते. भूत खरेच असणार हे आधीपासून ठाऊक असलेल्या अनुकरणात हा नियम हरवतो, आणि मग कितीही पाइप ओढले तरी धूर तेवढा होतो.

येथे एक जोडउल्लेख अस्थानी होणार नाही. कार्नॅकीची ‘द हॉग’ ही कथा लेखकाच्या मृत्यूनंतर जवळपास तीन दशकांनी, जानेवारी १९४७ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आली. ती अर्कम हाउसचे ऑगस्ट डर्लेथ यांनीच लिहिली असावी असा संशय काही काळ घेतला जात असे. आज तो सहसा मानला जात नाही, पण नक्कल आणि अस्सल यांतली रेघ किती पुसट होऊ शकते हे त्यावरून दिसते. अशा मरणोत्तर कथेमुळे हक्कांचा हिशोबही बदलतो. हॉजसन यांच्या हयातीत छापलेले लेखन ब्रिटनमध्ये तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या नियमाने १९६८ च्या अखेरीस खुले झाले, म्हणून ‘द नाइट लँड’च्या जगात लिहिणाऱ्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. लेखकाच्या मृत्यूसमयी अप्रकाशित असलेल्या मजकुराची मुदत मात्र तिथल्या तेव्हाच्या कायद्यात प्रकाशनापासून मोजली जात असे. तेव्हा संपूर्ण लेखकच खुला आहे असे गृहीत न धरता कथागणिक तपासणे इष्ट.

राइट यांची दीर्घकथा आवडलेला वाचक मूळ पुस्तकाकडे वळतो तेव्हा काय होते, हा या प्रकरणातला शेवटचा व्यावहारिक प्रश्न. पहिल्याच प्रकरणात त्याला सतराव्या शतकातली एक प्रेमकथा भेटते, तीत ना गढी असते ना अंधार, आणि बरेच जण तिथेच थांबतात. अशा वाचकाने आधी ‘द व्हॉइस इन द नाइट’ वाचावी, जी एका बैठकीत होते. मग कादंबरी दुसऱ्या प्रकरणापासून धरावी, नानीची सुटका होईपर्यंत नेटाने वाचावी, आणि परतीच्या प्रवासात हवे तिथे पाने ओलांडावीत. निःशब्द घराशेजारचा प्रसंग मात्र ओलांडू नये.